इमारतीचं मागीलदार

वॉचमनने बाबांची कॉलर धरली होती आणि बाबा हसत होते. चूक झाली की मालकांसमोर हसायचे तसं, मान वाकडी करून. त्यांच्या खांद्यावर असोल्या नारळांची गोणी होती, सालासकट. माझ्या डोक्यावर आंब्याची पेटी.

नव्याण्णव साल. मी बारावी झाले होते. मुंबईच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या मुलाखतीला बोलावलं होतं, सकाळी दहाला. पावसजवळ ज्यांच्या बागेत बाबा राबायचे, त्या मालकांनी शब्द दिला, पुतण्याकडे जा, तो गाडीने सोडील हिला. म्हणून बाबांनी वाडीतल्या मुंबईकरांना सोबतीचं विचारलंसुद्धा नाही. शब्दाबरोबर ओझंही आलं. आमच्याकडे मुंबईला निघालेल्याच्या डोक्यावर मालकांची पेटी असायचीच.

ओझ्यापायी दोन बसवाल्यांनी आम्हाला चढू दिलं नाही. तिसऱ्याने कुरकुरत घेतलं. बाबांना अक्षरओळख नव्हती. बसचे नंबर, रस्त्यांच्या पाट्या, सगळं मी वाचत होते. दर नाक्यावर ते मला विचारायचे आणि मला भारी वाटायचं.

इमारत सापडली. पुढे काचेचं दार, चकचकीत पायऱ्या. बाबा त्या दारासमोरून खाली मान घालून पुढे गेले आणि इमारतीला वळसा घालू लागले. मला कळेना. पाण्याचा पंप, मीटरची खोली, कचऱ्याचे डबे, मग नुसती भिंत. बाबा मागीलदार शोधत होते. मालकांच्या घराच्या पुढल्या पायरीवर त्यांनी उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता. मोठ्या माणसांच्या घराला आपल्यासाठी मागीलदार असतंच, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या फेरीला वॉचमनने त्यांना चोर म्हणून पकडलं.

त्याने वर फोन लावला. पुतण्याची बायको पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आली. बाबांच्या निम्म्या वयाची होती. वरूनच वॉचमनला म्हणाली, "आमच्या गावचा गडी आहे तो. वर नको पाठवू. नारळ तिथेच सोलून दे म्हणावं त्याला, घरात कचरा नको."

बाबांनी मुलाखतीचं सांगितलं. साहेब कधीच गेले, म्हणाली आणि आत गेली. मालकांनी तिला काही कळवलं होतं की नाही, मला आजवर समजलेलं नाही.

साडेआठ वाजले होते. बाबा मीटरच्या खोलीपाशी उकिडवे बसले. वॉचमनने कुठूनसा बोथट कोयता आणून दिला. पंचवीस नारळ. मी म्हटलं, चला, उशीर होतोय.

"बाय, जरा कळ काढ," बाबा म्हणाले. "मालकांची मानसां हायत ती."

नऊ वाजले. साडेनऊ. कोयता निसटून त्यांचा अंगठा कापला, तरी सोलतच होते. येणारेजाणारे बघत होते. मी फाईल छातीशी धरून उभी. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगते, बाबांची लाज वाटत होती. त्या बाईचा राग नंतर आला. आधी बापाची लाज. हे मला अजून सलतं.

दहा-बारा नारळ उरले होते. मी कोयता काढून घेतला. म्हटलं, बाबा, उठा. उठले नाहीत. मी गोणी उपडी केली. नारळ गाड्यांखाली घरंगळले. तेव्हा ते उठले, नारळ वेचायला. गाड्यांखाली हात घालून एकूण एक नारळ गोळा केला, आंब्याच्या पेटीसकट वॉचमनच्या हवाली केला, मगच हलले.

चुकत, विचारत इस्पितळात पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. मुलाखतीच्या नोंदणीची खिडकी बंद. पुढच्या वर्षी या, शिपाई म्हणाला.

बाबा पायरीवर बसले. आता तरी हे चिडतील, असं मला वाटलं. निदान माझ्यावर तरी.

"रिकामी पेटी ऱ्हायली गो," ते म्हणाले. "मालक इचारतील. कंच्या गाडीत बसायचा?"

पेटी रिकामी करून परत न्यायची रीत होती. समोरून त्या इमारतीकडे जाणारी बस येत होती. नंबर मला स्वच्छ दिसत होता. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

ती बस गेली. तिच्यामागची गेली. बाबा मग बोलले नाहीत, गावी पोचेपर्यंत नाही, पुढे कित्येक महिने नाही. मालकांची माफी मागायला गेले ते एकटे गेले. माझ्यामुळे आपली मान खाली गेली, असं ते आईला सांगायचे. त्या बाईमुळे गेली, असं एकदाही म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्षी मी एकटी मुंबईला गेले. हातात फक्त फाईल. बाबा आता नाहीत. शेवटपर्यंत त्यांना माझं पटलं नाही, आणि त्यांची माफी मी मागितली नाही. मागणारही नाही. जिथे माझ्या माणसाला उकिडवं बसवतात, तिथली वाट मी कुणाला दाखवणार नाही. सख्ख्या बापाला दाखवली नाही.