जरा पसारा

पूर ओसरला त्या सकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीत मी मथळ्यासाठी शब्द शोधत होतो. उद्ध्वस्त, वाताहत, होत्याचं नव्हतं. एकही पुरेसा वाटेना.

दुपारी आमच्या गल्लीतल्या सुमनकाकूंकडे गेलो. एरवी दूध उतू गेलं तरी ‘सत्यानाश झाला गं बाई!’ म्हणून गल्ली डोक्यावर घेणाऱ्या काकू. किरकोळ नुकसानीला आपण केवढाले शब्द वापरून टाकतो! आता त्यांच्या घराची एकच भिंत उभी होती, आणि काकू चिखलातून मुकाट्याने भांडी वेचत होत्या.

मला पाहून त्यांनी पदराला हात पुसले. “ये ना रे, आत ये. जरा पसारा झालाय.”

जिथे उंबरा होता, तिथे मी चपला काढल्या.