स्टेशनपासून पाच मिनिटांवर

पहाटे एसटीनं आम्हाला ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरवलं, तेव्हा माझ्या एका हातात पिठाचा डबा होता, दुसऱ्या हातात गादीची वळकटी आणि काखेत कुकरचं खोकं. मागून माझी मुलगी ऋतुजा येत होती. तिच्या हातात फक्त मोबाईल होता, पण दमलेली ती दिसत होती.

ऋतुजाला टेंभी नाक्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागलेली. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवार-रविवारात राहायला जागा शोधायची होती. बायकोचा हुकूम कराडच्या स्टँडवरच सुटला होता, "पोरीला धड जागा मिळाली नाही तर रविवारच्या गाडीनं दोघंही परत या. नोकरी गेली खड्ड्यात." मी छाती फुगवून म्हणालो, "अगं, मी विहिरीत डोकावून नुसता खोकलो तरी पाणी वर येतं, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे." ठाऊक असणारच. पंचक्रोशीला ते मीच सांगितलेलं.

टेंभी नाक्यावर मिसळ खाल्ली. तर्री अशी की पहिल्या घासाला माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि दुसऱ्याला मला माझे कैलासवासी आजोबा दिसले. त्याच धुंदीत एजंटला फोन लावला. तो कडक इस्त्रीच्या शर्टात आला, माझ्या वळकटीकडे बघून म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. मस्त जागा आहे. स्टेशनपासून पाच मिनिटं."

रिक्षा निघाली. घोडबंदर रोड लागला, उड्डाणपूल गेले, टॉवर गेले, आणखी टॉवर आले. माझी एक डुलकी झाली, तीत स्वप्नही पडून गेलं. शेवटी विचारलं, "अहो, पाच मिनिटं म्हणालात ना?"

"ट्रॅफिक नसेल तर, काका."

"ट्रॅफिक कधी नसतं?"

तो बराच वेळ आठवत राहिला. त्याला आठवलं नाही.

टॉवर बघायला मी मान वर केली ती करतच राहिलो, टोपी पडली तरी वरचा मजला दिसेना. फाटकावर तीन वॉचमन. एकानं नाव विचारलं, दुसऱ्यानं फोटो काढला, तिसऱ्यानं मोबाईलवर आलेला नंबर मागितला. माझ्या लग्नात सासऱ्यानं इतकी चौकशी केली नव्हती. वर गेलो तर वन आरके (एक खोली आणि एक ओटा). एजंट म्हणाला, "जंगल व्ह्यू आहे." खिडकीतून समोरच्या टॉवरमधला एक माणूस दात घासताना दिसला. "जंगल कुठंय?" एजंटनं मला हाताला धरून न्हाणीघरात नेलं, बादलीवर उभं केलं आणि झरोक्यातून येऊरच्या डोंगरावरचं एक झाड दाखवलं. एकच. पण हिरवं होतं, खोटं कशाला बोलू.

भाडं ऐकून मी ओट्याला धरलं. डिपॉझिट ऐकल्यावर ओट्यानं मला धरलं.

"एकट्या मुलीला चालतं ना?" ऋतुजानं विचारलं.

"एकदम सेफ! फक्त गेस्टला रात्री राहायला अलाउड नाही."

"गेस्ट म्हणजे?"

"म्हणजे, आता हे काका आले तर..."

मी गेस्ट! ज्या माणसानं हिला खांद्यावर बसवून अख्खी जत्रा दाखवली, तो गेस्ट! लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या. त्याच मजल्यावर राहत होत्या. मी नमस्कार करून विचारलं, "ही रिकामी खोली कुणाची होती हो?" त्या मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाल्या, "रिकामी आहे का ती?" खाली येईपर्यंत माझा आवाज गेला होता. आमच्या गावात अशी शांतता शेवटची कधी पडली होती, ते मलाही सांगता येणार नाही.

ती रात्र लॉजवर काढली. रविवारी सकाळी दुसऱ्या एजंटच्या भरवशावर टिटवाळा गाठलं. हा तर फोनवर आम्हाला "मालक" म्हणत होता. आधी गणपतीचं दर्शन घेतलं, पेढे घेतले, आणि "स्टेशनपासून पाच मिनिटं" असलेल्या जागेकडे निघालो. शेअर रिक्षा (माणसं भरेपर्यंत न हलणारी) डांबरी रस्त्यानं गेली, मग खडीच्या, मग मातीच्या, मग रस्ता थांबला आणि रिक्षा तरीही गेली. दोन म्हशींनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत कीव होती.

इमारत मात्र नवीकोरी. गुलाबी रंग, मोठाल्या खोल्या, गॅलरीतून काळू नदीकडची हिरवळ आणि वारा. भाडं इतकं कमी की मी दोनदा विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर ऋतुजा गॅलरीत चहा पिऊ लागली. तेवढ्यात तीच म्हणाली, "बाबा, खाली टँकर का उभा आहे?"

"पाण्याचा," एजंट म्हणाला. "रोज येतो. येतोच सहसा."

"नळ नाही?"

"नळाला परवानगी लागते ना, मॅडम."

"मग घ्यायची ना!"

"नळाला द्यायची तर आधी बिल्डिंगला पाहिजे ना." एवढं बोलून तो दिलखुलास हसला. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

"म्हणजे ही बिल्डिंग बेकायदा आहे?"

"काका, तुम्ही पण ना! लोक राहतात की. चार मजले भरलेले आहेत."

"आणि पाडायला आले तर?"

"आधी नोटीस येते, मालक. सामान काढायला टाईम देतात."

मी आयुष्यभर थापा मारल्या. माझा बैल माझं राशिभविष्य वाचतो असं मी भर पारावर सांगितलेलं आहे. पण इतक्या शांतपणे खरं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

दुपार टळली. परतीच्या वाटेवर डोंबिवलीला उतरलो, कारण भूक. स्टेशनबाहेर पूर्वेला एक पोळीभाजी केंद्र दिसलं. नोकरदार घरांची चूलच म्हणा ना. लोक उभ्या उभ्या पोळ्या बांधून नेत होते. अळूची भाजी खाता खाता मी ऋतुजाला समजावू लागलो, म्हणजे माझ्या हिशेबानं हळू आवाजात, "संध्याकाळची गाडी धरू. नोकऱ्या छप्पन्न मिळतील."

ऋतुजा घास तसाच ठेवून म्हणाली, "ही मला मिळालेली आहे, बाबा." तिचे डोळे भरले होते. ही पोरगी शेळीनं शिंग मारलं तेव्हाही रडली नव्हती.

"जागा बघताय का?" पाठीमागून आवाज आला. सुती साडी, हातात पिशवी, पिशवीत पोळ्या. त्यांनी आधी ऋतुजाची माहिती काढली, मग माझी, मग माझ्या रक्तदाबाची. "मी परांजपे. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे. मालक पुण्याला असतात, त्यांनी भाडेकरू बघायचं काम माझ्यावर टाकलंय. चालत पंधरा मिनिटं आहे, बरं का. उगाच खोटं कशाला सांगू?"

चालत पंधरा मिनिटंच होती. मला धक्का बसला.

जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, जिन्यात फोडणीचा वास. खोली लहान, पण नळाला पाणी. भाडं परवडणारं. कागद रीतसर करायचे ठरले. परांजपेकाकूंच्या घरी चहा आला, मी मांडी ठोकून बसलो, आणि काकू म्हणाल्या, "किल्ल्या दोन आहेत. एक हिच्याकडे, एक माझ्याकडे राहील."

मी ताडकन उठून काकूंच्या हातातली एक किल्ली खिशात घातली. "का म्हणून? एकट्या पोरीच्या घराची किल्ली परक्या माणसाकडे? दुसरी माझ्याकडे राहील. बाप आहे मी!"

काकूंनी वाद घातला नाही. नुसतं दार पुढे लोटलं. दारामागच्या भिंतीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर किल्ली. एकीला लोकरीचा गोंडा, एकीला तुटका कंगवा, एकीला बाळाचं लॉकेट. "ही वरच्यांची, दोघंही बँकेत असतात. ही समोरच्यांची, त्यांच्या घरी आजोबा एकटे असतात."

तेवढ्यात घामाघूम झालेला एक माणूस आत आला, न विचारता कंगव्याची किल्ली काढली, "काकू, सिलिंडर आला का?" "आला, लावून पण घेतला," आणि तो गेलासुद्धा. माझ्या चहावर साय धरली.

मी खोचकपणे विचारलं, "आणि तुमची किल्ली कुठंय, काकू?"

"खाली घाडग्यांच्या सुनेकडे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडले. तिनंच दार उघडलं. नाहीतर तुमच्याशी बोलत कोण बसलं असतं?"

ऋतुजा माझ्याजवळ आली. "बाबा, मला रात्री ताप चढला तर तुम्ही कराडहून किती वेळात दार उघडाल?"

मी 'पाच मिनिटांत' म्हणणार होतो. तोंड उघडलंही. मग खिशातली किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती घेतली, केसांतला निळा रबर ओढून तिला गुंडाळला आणि काकूंकडे दिली. काकूंनी रिकामा खिळा चाचपला.

त्या संध्याकाळी गाडीत मी एकटाच बसलो. शेजारची जागा रिकामी होती, तरी मी अंग चोरून बसलो होतो.

गावात आल्यावर पारावर मी टॉवर शंभर मजल्यांचा केला. ढग तिसऱ्या मजल्यावर पार्किंगला लागतात म्हणालो. टिटवाळ्याच्या म्हशी आमच्याशी मराठीत बोलल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. किल्ल्यांच्या भिंतीबद्दल मात्र मी एक खिळासुद्धा वाढवून सांगितला नाही, आणि तेवढ्यावरच सगळे हसले. "आता अती झालं हं, तात्या! शहरात कुणी शेजाऱ्याला किल्ली देतं होय?"

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही. उठून कोठीत गेली, गुळाची ढेप पुढ्यात ठेवून म्हणाली, "डोंबिवलीच्या त्या काकूंना आपला गूळ चालतो का, विचारा."