तारीख नसलेलं पत्र

भाऊंना घाबरायला कारण लागत नसे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जरा थबकली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. ऑफिसच्या वेळेत घरचा फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. पलीकडून बायकोनं ‘येताना बटाटे आणा’ एवढंच म्हटलं तरी पुढची दहा मिनिटं हात गार. असा हा माणूस तेहतीस वर्षं राज्यातल्या सगळ्यात मोठ्या खोलीच्या शेजारच्या खोलीत बसत होता. आता याला सरकारचं नशीब म्हणायचं की त्याचं दुर्दैव, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

भाऊ मुख्यमंत्र्यांचे लघुलेखक. मुख्यमंत्री बोलणार, भाऊ ते रेघोट्यांत उतरवून घेणार, टाईप करणार आणि सहीला ठेवणार. मुख्यमंत्र्याला काय काय करता येतं हे त्यांनी कधी कायद्याच्या पुस्तकात वाचलं नाही, ते बोटांनीच शिकले. कुणाला मंत्री करायचं, कुणाला कोणतं खातं द्यायचं, कुणाचं काढून घ्यायचं, विधानसभा बरखास्त करा असं राज्यपालांना कधी सांगायचं, हे सगळं आधी त्यांच्या टाईपरायटरवर यायचं. एकदा एका मंत्र्याला घरी पाठवायची शिफारस ते टाईप करत होते, आणि तोच मंत्री दारात उभा राहून “काय भाऊ, तब्येत बरी ना?” असं विचारत होता. भाऊंची तब्येत त्या संध्याकाळी खरंच बिघडली. तीन दिवस ताप.

त्यांचे वडीलही कोर्टात टंकलेखक होते. मुलाला नोकरी लागली तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. जे टाईप करशील ते मनात ठेवू नकोस, आणि प्रत ठेवल्याशिवाय कागद हातातून सोडू नकोस. उद्या कुणी अंगावर आलं तर ती प्रतच तुला वाचवेल. पहिली गोष्ट भाऊंना कधी जमली नाही. दुसरी मात्र हाडात भिनली. मूळ पत्र फोल्डरमध्ये, कार्बनखालची प्रत डाव्या हाताच्या ट्रेमध्ये. दुपारी बाराला जावक विभागातल्या बाई येऊन ट्रे रिकामा करायच्या, आदल्या दुपारपासूनच्या प्रती एका फाईलला लावायच्या आणि ती फाईल चारही सचिवांच्या टेबलांवरून फिरून यायची. साहेबांच्या सहीनं काय बाहेर गेलं ते सचिवांना कळावं म्हणून ही फिरती फाईल. सचिव प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात सही करायचे. वाचायचे का, हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता.

आताच्या मुख्यमंत्री बाई होत्या. महत्त्वाची पत्रं त्या टाईपरायटरवरच करून घ्यायच्या. कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं कोण कुठून वाचेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. मजकूर सांगताना त्या येरझाऱ्या घालायच्या, आणि भाऊंची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरायची.

त्या शुक्रवारी सकाळी मात्र बाई खुर्चीत बसून होत्या. चार साधी पत्रं सांगून झाली. मग त्यांनी दार लावायला सांगितलं.

“पाचवं लिहा. राज्यपालांना,” त्या म्हणाल्या. “तारीख रिकामी ठेवा. एकच प्रत. आणि भाऊ, हे तुमच्या-माझ्यात.”

पत्र दोनच ओळींचं होतं. दुसऱ्या शब्दालाच भाऊंना कळलं की हा राजीनामा आहे. आघाडीतल्या अकरा आमदारांनी आदल्या दिवशी पाठिंबा काढला होता, हे पेपरात आलंच होतं. बाईंनी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलायचं ठरवलं होतं. जमलं तर हे पत्र फाडायचं, नाही जमलं तर तारीख घालून पाठवायचं.

“तोवर याचा वास कुणाला लागता कामा नये,” बाई म्हणाल्या. “मी जायच्या तयारीत आहे असं कळलं, की अकराचे एकवीस होतील.”

भाऊंनी मान हलवली. मुख्यमंत्र्याचा राजीनामा म्हणजे एकट्याचा नसतो. तो गेला की सगळे मंत्री त्याच्याबरोबर घरी. दोन ओळींत अख्खं सरकार. आणि त्या दोन ओळी जगात तिघांनाच ठाऊक होत्या: बाईंना, भाऊंना आणि देवाला. त्यातला सगळ्यात कच्चा दुवा कोण, हे भाऊंना चांगलं माहीत होतं.

त्यांनी पत्र टाईप केलं. एकही चूक नाही. बाईंनी सही केली आणि पत्र आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. भाऊ बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

पावणेदोनला त्यांनी डबा उघडला. खायच्या आधी टेबल आवरायची त्यांची सवय. एक कार्बन पडला होता. अजून चालेल का ते बघायला त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

एकाच पत्राची उलटी अक्षरं होती त्यावर. सकाळी थरथरत्या हातांत जुना कार्बन फाटला म्हणून त्यांनी पाचव्या पत्राला नवा कोरा कार्बन घेतला होता. घेतला होता! एकच प्रत म्हणून सांगितलं असताना त्यांनी कार्बन घातला होता, खाली दुसरा कागद लावला होता, आणि ते त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं. डोकं भीतीनं सुन्न झालेलं असताना तेहतीस वर्षांच्या सवयीनं हातांनी आपलं काम चोख केलं होतं. मूळ फोल्डरमध्ये, प्रत ट्रेमध्ये.

ट्रे रिकामा होता.

भाऊंनी डबा तसाच सोडला. टेबलाला धरून ते उठले आणि जावक विभागात गेले. तिथल्या बाई डबा खात होत्या.

“फिरती फाईल कुठंय?”

“कुठं म्हणजे? फिरतेय,” त्या म्हणाल्या. “बाराला गेली की रोजच्यासारखी. अहो, एवढा घाम कशानं आलाय तुम्हाला? बसा बघू आधी.”

“एका पत्रात ओळ राहिलीय.”

“तुमच्या हातून? मग आता जग बुडणार!” असं म्हणून त्या हसल्या. भाऊंना हसू आलं नाही, कारण त्यांचंही साधारण तेच मत होतं.

पहिल्या सचिवांच्या खोलीतून फाईल पुढं गेली होती. दुसऱ्यांच्याही. तिसऱ्यांचा शिपाई म्हणाला, “साहेबांनी फोनवर बोलता बोलता पाच मिनिटांत सह्या ठोकल्या, गेली वर.” भाऊ जिने चढत राहिले. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता, आणि आज लिफ्ट अडकली तर आपण आतच मरू याची त्यांना खात्री होती. समोरून येणारा प्रत्येक माणूस आपल्याकडं बघून हसतोय असं वाटत होतं. दोघं कारकून कोपऱ्यात कुजबुजत होते. भाऊ जवळ जाताच ते गप्प झाले. आठ महिन्यांवर निवृत्ती आली होती. आधी निलंबन, मग चौकशी, मग पेपरात फोटो, असं सगळं चौथ्या मजल्यापर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर होऊनही गेलं.

चौथ्या, म्हणजे प्रधान सचिवांच्या खोलीबाहेरच्या टेबलावर फाईल पडली होती. परत जायला तयार. भाऊंनी ती उचलली आणि थेट बाथरूम गाठलं, आतून कडी लावली.

पाचवी प्रत तिथंच होती. कोपऱ्यात तीन सचिवांच्या तीन चिमण्यांच्या पायांसारख्या सह्या. राज्यातल्या तीन हुशार माणसांनी मुख्यमंत्र्यांचा राजीनामा पाहून सही केली होती, आणि पुढचा कागद उलटला होता. भाऊंना हायसं वाटणार होतं, इतक्यात त्यांना चौथी सही दिसली. प्रधान सचिव सहीखाली वेळ घालत. बारा पन्नास. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथं भाऊंनी जागा रिकामी सोडली होती, तिथं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘दिनांक?’

त्यांनी वाचलं होतं.

भाऊ कमोडच्या झाकणावर बसले. प्रत फाडून पाण्यात सोडली तर? कार्बनही जाळता येईल. मग ‘कसली प्रत?’ म्हणून हात वर करायचे. मरेपर्यंत कुणी सिद्ध करू शकणार नाही. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरलाही. पण तिकडं बाई संध्याकाळपर्यंत वेळ आहे असं धरून एकेका आमदाराला फोन करत होत्या. वेळ संपलीय हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि ते सांगू शकणारा एकच माणूस बाथरूमला कडी लावून बसला होता. भाऊंना रडू आलं. चांगलं हुंदका देऊन ते रडले, तोंड धुतलं आणि खाली आले.

बाईंच्या खोलीत ते दार न वाजवताच शिरले. त्यांनी प्रत टेबलावर ठेवली.

“माझ्या हातून झालं,” एवढंच ते म्हणाले.

बाईंनी कागद पाहिला. एक, दोन, तीन, चार सह्या मोजल्या. ‘दिनांक?’ वाचलं. त्या ओरडल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं. त्यांनी प्रधान सचिवांना बोलावून घेतलं.

“तुम्ही हे वाचलंत?”

“वाचलं, मॅडम.”

“आणि मला विचारायला आला नाहीत?”

“तारीख नव्हती,” प्रधान सचिव म्हणाले. “तारखेशिवाय ते पत्र होत नाही. म्हणून फक्त शेरा मारला.”

“कुणाला बोललात?”

“कुणालाच नाही.” पण ‘कुणालाच’च्या आधी ते जरा जास्तच थांबले.

तेवढ्यात बाईंच्या खासगी सचिवानं दार किलकिलं केलं. “मॅडम, एक वार्ताहर लाईनवर आहे. विचारतोय, राजीनामा दिलाय हे खरं का?”

बाईंनी टेबलावरचे हात खाली मांडीवर घेतले. ते थरथरत होते, आणि ते फक्त भाऊंना दिसलं, कारण ते बाजूला उभे होते. ज्या बाईच्या एका ओळीनं मंत्री घरी जात, तिचे हात भाऊंच्याच हातांसारखे दिसत होते. हे पाहून त्यांना धीर आला असं कुणाला वाटेल. त्यांची भीती उलट दुप्पट झाली.

बाईंनी ड्रॉवर उघडला, मूळ पत्र काढलं आणि पेनानं स्वतःच तारीख घातली.

“पाठवा राज्यपालांकडं,” त्या म्हणाल्या. “हाकलून देण्याआधी चालत गेलेली बरी.”

घड्याळात तीन वीस झाले होते. प्रधान सचिवांनी पत्र घेतलं, पण ते जागचे हलले नाहीत. “मॅडम, गोपनीय पत्राची प्रत बाहेर गेली. यांचं निलंबन करावं लागेल. दोन मिनिटांत आदेश तयार करतो, तुमची सही लागेल.”

भाऊंनी डोळे मिटले.

“मी आता काळजीवाहू,” बाई म्हणाल्या. “काळजीवाहू मुख्यमंत्र्यानं रोजचा गाडा हाकायचा असतो. कुणाला काढायचं, कुणाला ठेवायचं, असले निर्णय घ्यायचे नसतात. संकेत आहे.”

“एवढा लहान निर्णय घेता येतो, मॅडम.”

“मला नाही येत,” बाई म्हणाल्या. “येणाऱ्याला विचारा. तो विचारेल, प्रतीवर चार सचिवांच्या सह्या कशा? आधी त्याचं उत्तर तयार ठेवा.”

प्रधान सचिवांचा चेहरा पडला. ते पत्र घेऊन गेले आणि निलंबनाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. भाऊ काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडत होते, पण बाईंनी हातानंच त्यांना जायला सांगितलं. बाईंना फोन करायचे होते. घरी, बहुतेक.

सात वाजता भाऊ घरच्या सोफ्यावर बूट न काढता बसले होते. टीव्हीवर ते अकरा आमदार एका बाकावर दाटीवाटीनं बसलेले. त्यांचा म्होरक्या माईकसमोर म्हणत होता, “आम्ही चार वाजता मॅडमना भेटायला निघालो होतो. पाठिंब्याचं पत्र खिशात होतं. पण त्यांनीच घाई केली.”

बायको भाजी निवडता निवडता थांबली. “अहो, हे सगळं झालं तेव्हा तुम्ही तिथंच होता ना? काय झालं हो नक्की?”

तेहतीस वर्षांत भाऊंनी घरी ऑफिसातला एक शब्द काढला नव्हता.

“माझ्यामुळं झालं,” ते म्हणाले. “सरकार माझ्यामुळं पडलं.”

बायको त्यांच्याकडं बघत राहिली, आणि मग तिला असं हसू फुटलं की मांडीवरची पालेभाजी खाली सांडली. “तुमच्यामुळं! अहो, तुमच्यानं दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगवत नाही!” डोळे पुसत तिनं फोन उचलला आणि बहिणीला लावला. “अगं ऐक तरी, ह्यांचं काय म्हणणं आहे ते! सरकार म्हणे ह्यांनी पाडलं!”

फोनमधून मेव्हणीचं हसणं खोलीभर ऐकू येत होतं. भाऊंनी टीव्हीचा आवाज बंद केला. ते पुढं सरकून त्या अकरा जणांचे चेहरे एकेक करून बघू लागले, त्यातला एखादा तरी खोटं बोलतोय असं दिसतंय का ते शोधत.