थंड झोश्का येईपर्यंत

वालेन्ती ग्रुश्कांचं हिवाळ्याशी हाडवैर होतं. हिवाळ्याला मात्र याची खबर नसावी, कारण तो दर नोव्हेंबरात बिनदिक्कत यायचा आणि एप्रिलपर्यंत ठाण मांडून बसायचा. तारनूव शहरात रेल्वेच्या रुळांपलीकडे भाजीपाल्यासाठी आम्हाला जमिनीचे तुकडे मिळालेत. त्यांचा आणि माझा शेजारी शेजारी. बर्फ पडला की चाळीस वर्षं रेल्वेची इंजिनं दुरुस्त केलेला हा माणूस खिडकीत रुसून बसायचा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी लोक एकमेकांना आरोग्य चिंततात, हे म्हणायचे, "माती लवकर तापो." कॅलेंडरवरचं जानेवारीचं पान दहा तारखेलाच फाडायचे. चौदा फेब्रुवारीला त्यांचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस; आमच्याकडे तो वाढदिवसासारखा साजरा होतो. पाहुणे केकची वाट बघत बसलेले आणि यजमान स्वयंपाकघरात टोमॅटो पेरताहेत, हे ठरलेलं. मार्चमध्ये त्यांच्या घरात दह्याच्या रिकाम्या डब्यांतली रोपं चुकवत चालावं लागे.

आमच्याकडे नियम सोपा आहे. मेच्या बारा, तेरा, चौदाला तीन थंडीचे संत येतात, म्हणजे त्यांच्या सणांना हटकून शेवटची थंडी पडते, आणि पंधराला त्यांच्यामागून थंड झोश्का ही संतीण. ती बाई गेल्याशिवाय टोमॅटो बाहेर लावायचा नाही. शेंबडं पोरही हे जाणतं. पण एप्रिलअखेर दोन दिवस ऊन पडलं की वालेन्तींच्या अंगात यायचं. म्हणून त्यांची बायको ब्रोन्या सोळा तारखेपर्यंत बागेच्या फाटकाची किल्ली लपवायची, कधी पिठाच्या डब्यात, कधी उशीच्या अभ्र्यात. वीस वर्षं त्या घराचा टोमॅटो या लपवाछपवीवर तगला.

ब्रोन्या दोन वर्षांपूर्वी गेली. मागे राहिली कागदाची एक पुडी. तिने वर्षानुवर्षं जपलेल्या 'रेड्याचं काळीज' नावाच्या टोमॅटोचं बी. यंदा वालेन्तींनी पुडी रिकामी केली. अकरा रोपं उगवली. ती रोपं मेली असती तर ब्रोन्याचा टोमॅटो संपला असता.

एप्रिलच्या शेवटी ते माझ्या दारात उभे.

"तेओफिलाबाई, ही किल्ली ठेवा. सोळा तारखेच्या आत मागितली तर देऊ नका."

"आणि रडलात तर?"

"तरी नाही."

"शिव्या दिल्यात तर?"

"शिव्या मी फक्त बर्फाला देतो."

तीन मेला गृहस्थ हजर. "जरा कुंपण बघून येतो म्हटलं."

"कुंपण कुठं पळून जात नाही, वालेन्तीराव."

सात तारखेला आवाज खाली आला होता. "रोपांना फुलं येताहेत हो. डब्यात मुळं मावेनात. एक तासाकरता द्या."

"ब्रोन्याने दिली असती?"

ते जिना उतरून गेले. संयम माझ्या रक्तातच आहे, असं मी त्या संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगितलं.

आता खरं सांगायलाच हवं. आठ तारखेला ऊन असं पडलं की मी कोट काढून कुंपणावर टाकला. मातीत हात घातला, तर ताज्या पावासारखी ऊब. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुपारपर्यंत मी माझी चोवीसच्या चोवीस रोपं लावून मोकळी झाले होते.

चौदाच्या पहाटे दव गोठलं. सकाळी गेले तर माझा वाफा उकडलेल्या पालकासारखा लोळागोळा होऊन पडलेला.

सोळाला वालेन्तींनी किल्ली नेली. मी मुद्दाम उशिरा गेले, तर हे अकरा डब्यांची पेटी पायाशी ठेवून माझ्या वाफ्याकडे बघत उभे.

"हे काय झालं?"

"रोग पडला," मी म्हणाले.

"हं. जुना रोग आहे. मला वीस वर्षं होता. ब्रोन्या औषध करायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मला पोटभर हसले असते तर परवडलं असतं, पण ते गुडघे टेकून कामाला लागले. सहा रोपं निगुतीने लावली. मग उठले आणि उरलेले पाच डबे एकेक करून कुंपणावरून माझ्याकडे दिले.

"अहो, हे तिचे आहेत," मी म्हणाले. "माझ्या हाती नका देऊ. मी काय करून बसले ते दिसतंय ना?"

"दिसतंय म्हणूनच देतोय."

"म्हणजे?"

"या रोपांचं सगळं बी माझ्याकडे राहिलं तर कुठल्या तरी मेमध्ये मी सगळंच मारीन. माझा भरवसा नाही. तुमचाही नाही." त्यांनी हात झटकले. "पण आपण दोघं एकाच वर्षी वेडे होणार नाही, एवढी आशा ठेवायला काय हरकत आहे?"