ताईला हवी होती तेवढीच जपानी

बोलायच्या आधी ताई पदराने फोन पुसायची. आमच्या फोनचा पडदा आधी तिच्या पदराने सगळा पिवळा व्हायचा, मग कपाळ दिसायचं, मग एक डोळा, आणि मग आवाज यायचा, "युक्कुरी ओनेगाइशिमास." म्हणजे, कृपया हळू बोला. आम्ही तोवर कुणी काही बोललेलोच नसायचो.

आम्ही पाच जण होतो, सगळे नवशिके. सर आठवड्यातून दोनदा शिकवायचे. उरलेल्या दिवशी संध्याकाळी आम्ही आपसात व्हिडिओ कॉलवर जमून जपानी बोलायचा सराव करायचो. मी मेहकरच्या एका दवाखान्यात नर्स. मला तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी हवी होती. बाकी तिघांनाही जपानलाच जायचं होतं. ही मात्र चाळिशी ओलांडलेली, डोणगावची, अर्ध्या एकरात भाजी लावणारी. तिला कुठेच जायचं नव्हतं. सगळे तिला ताई म्हणायचे.

तुम्ही अशा वर्गात कधी बसला असाल, तर नवशिक्यांच्या गप्पा कशा असतात हे तुम्हाला माहीतच असेल. तुमचा छंद काय? आज हवा कशी आहे? ताईला एकदा छंद विचारला तेव्हा ती मेथीच्या जुड्या बांधत होती. "मेथी देस," ती म्हणाली, म्हणजे मेथी आहे. आम्ही हसलो, तीही हसली. पण छंद, हवा, फळांची नावं यातलं काही तिने पाठ केलं नाही. तिला फोनवर बोलायची वाक्यं तेवढी हवी असायची. मी त्याची मोठी बहीण आहे. तो तिथे आहे का? तो आजारी आहे का?

एकदा बाकीचे गेल्यावर ती थांबली.

"पोरी, तू कारखान्यातली बाई हो. मी फोन लावते, तू उचल."

"कोणत्या कारखान्यातली, ताई?"

तेव्हा तिने सांगितलं. धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी जपानमधल्या एका कारखान्यात कामाला गेला होता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तो बंद होऊन बावीस दिवस झाले होते. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी ती आमच्यात आली तेव्हाच फोन बंद होऊन आठवडा उलटला होता, आणि आम्ही तिला छंद विचारत होतो.

"ज्यानं पाठवलं तो मानूस म्हनते, सगळं ठीक हाय, काऊन घाबरता. तीन डाव गेली त्याच्याकडं. माह्या तोंडाकडं पाहत नाई तो."

मी म्हटलं, सरांना सांगू, ते फोन करतील.

"नको. तेही गोडच बोलतीन. सगळे गोड बोलून राह्यले. मले माह्या कानानं आयकायचं हाय."

मी कारखान्यातली बाई झाले. दोन-तीनदा सराव झाला. मग ती म्हणाली, "वाईट शब्द कोनता हाय? मानूस गेला, हे कसं सांगतात ते?"

"ते कशाला, ताई?"

"त्यायनं सांगतलं अन् मले समजलंच नाई, त मी हाव हाव म्हनत मान हालवत बसीन."

दवाखान्यात हे सांगायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. पण कुणाला शिकवायची कधी आली नव्हती. "नाकुनारिमाशिता," मी कसंबसं म्हटलं.

"मो इचिदो." पुन्हा एकदा. असं तिने चार वेळा म्हणवून घेतलं आणि चारही वेळा तो शब्द माझ्यामागून म्हटला, अक्षर न चुकवता. मी न विचारताच दुसराही सांगितला, "इकिते इमास," जिवंत आहे. तो तिने एकदाच ऐकला आणि मान हलवली. जास्त घोकायची जणू तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी डोणगावला गेले. सकाळचे अकरा, तिकडे दुपारचे अडीच. भावाच्या कागदांवरचा कारखान्याचा नंबर लावताना ती दोनदा चुकली. मी लावून देते म्हटलं, तर तिने फोन दिला नाही, फक्त स्पीकर लावू दिला.

एका बाईने उचलला आणि भरभर काहीतरी बोलली.

"युक्कुरी ओनेगाइशिमास," ताई म्हणाली. मग भावाचं नाव. मग, "आने देस." मोठी बहीण आहे.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. बाई परत आली ती सावकाश बोलू लागली. त्यात 'केगा' हा शब्द आला, तो आम्हा दोघींनाही माहीत नव्हता. मी माझ्या फोनवर शोधू लागले, पण बोटं भलतीकडेच पडत होती. मग 'ब्योइन' आला. दवाखाना. ताईने माझ्याकडे पाहिलं. मग 'दाइजोबु', म्हणजे ठीक आहे. ते ऐकून तिचा चेहरा अजूनच उतरला. ठीक आहे, हे तर तो पाठवणारा माणूसही म्हणत होता.

तिने दोन्ही हातांनी फोन धरला आणि विचारलं, "नाकुनारिमाशिता का?"

मी डोळे मिटले.

"इए, इए," पलीकडची बाई घाईने म्हणाली. नाही, नाही. मग एकेक अक्षर सुटं करून, "इ-कि-ते इ-मास."

ताईने तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि तो पदराने पुसत बसली.  'केगा' म्हणजे जखम, हे मला तेव्हा सापडलं.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. यंत्रात डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. ताईला कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून त्याने फोनच बंद ठेवला होता. ती त्याला म्हणाली, "बोटं गेली त गेली बापा. तू काऊन गेला, फोन बंद करून?" आणि मग दोघंही बराच वेळ नुसती रडली. आता तो तिथेच हलक्या कामावर आहे.

ताई मात्र सरावाला पुन्हा आली नाही. आम्ही चौघंच उरलो. सरावात चुकूनसुद्धा कुणी कुणाला घरच्यांबद्दल विचारेनासं झालं.

माझी परीक्षा झाली, मुलाखत झाली, व्हिसा आला. निघायच्या आठवड्यात मी तिचा निरोप घ्यायला गेले. ती बाजारात वांगी घेऊन बसली होती. अभिनंदन वगैरे काही नाही. "तू जिथं कामाले जाशीन तिथला फोन नंबर सांग," म्हणाली.

"आईकडे देऊन ठेवलाय, ताई."

"तुह्या मायले येते का त्यायची भाषा?"

"नाही."

"मंग? सांग मले."

तिने पिशवीतून वही काढली. मी एकेक आकडा जपानीत सांगितला, तिने लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. एका जागी 'शिची', म्हणजे सात, याऐवजी 'इची', म्हणजे एक, म्हणाली. मी सुधारलं. तिने तो आकडा खोडून वर नीट लिहिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. समोर गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं होतं. वहीवरची नजर न काढता तिने त्याला हातानेच थांबवलं.