चिंचेमागे उभी राहिले तेव्हा

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतील. चौथीपर्यंतच शिकले, त्याची माफी असावी.

शेजारचे भाऊजी गलोलीने खारी मारत. "मटण घासभर, पण रस्सा घरभर," असं म्हणत. नेम धरताना त्यांची जीभ बाहेर येई, आणि नेम चुकला की झाडालाच शिव्या देत. गलोलीच्या रबरासाठी त्यांनी माझ्याकडून आठ आणे नेले होते. ते मागायची मला लाज वाटे.

खार लबाड. माणूस दिसला की ती खोडाच्या दुसऱ्या बाजूला जाते. म्हणून एकदा त्यांनी मला चिंचेमागे उभं केलं. मी इतकी गुपचूप उभी, की खार माझ्याच बाजूला येऊन चिंच कुरतडत बसली.

"वहिनी, झाड होऊन काहून उभ्या राह्यल्या? हाकला ना तिले. कायबी ओरडा. घरी आज नुसती भाकर हाये."

मला एकच गोष्ट सुचली. मी ओरडले, "भाऊजी, माझे आठ आणे द्या!"

खार घाबरून त्यांच्या बाजूला गेली, खडा सुटला आणि ती पडली. भाऊजी मात्र तिला उचलायचं विसरून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तंबाखूची चंची उघडली आणि तळातून काढून पुरते आठ आणे माझ्या हातावर ठेवले.