फ्लास्क स्वच्छ होता

१९८७ साली मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. शिक्षण चौथी. धुळ्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं काचसामान धूत होतो. या कामात माझा हात धरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्या वर्षी नवे सर आले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, की अॅसिटोन आणि आयोडीन समोरासमोर भेटतात, हळूहळू टक्कर होते, आणि सगळा वेग त्या टकरीवरच. म्हणजे आयोडीन दुप्पट घेतलं तर ते दुप्पट वेगाने संपणार, रंग जायला वेळ तेवढाच लागणार. मुलांनी चारदा करून पाहिलं. साध्या फ्लास्कातला पिवळा रंग सहा मिनिटांत गेला, दुप्पट आयोडीनच्या फ्लास्कातला बारा मिनिटांत.

आमच्याकडची रीत अशी, की फळ्याशी न जुळणारं रीडिंग खोडायचं आणि जुळणारं लिहायचं. मुलं खोडरबर घेऊन तयारच होती. पण एका पोरीने विचारलं, "सर, चारही वेळा असंच आलं. मग चूक कुठं?"

सरांना चूक हवीच होती, ती लगेच सापडली. मी! फ्लास्क म्हणे घाणेरडे होते. दुपारी मेमो आला: काच अस्वच्छ होती हे कबूल करून सही करावी.

मी म्हटलं, "सर, काच माझी, फळा तुमचा. ज्याचं त्यानं पुसावं."

घरी बायको म्हणाली, "सही करी टाका ना. तुमनं काय जास?"

"मनी एकोणीस वरीसनी अब्रू जास," मी म्हटलं आणि जेवायला बसलो.

सकाळी लॅबमध्ये गेलो तो सही न करताच. म्हटलं, आज फ्लास्क सरांनी धुवावेत, पोरांसमोर. सरांनी धुतले. एक फोडला. उरलेल्यांत रंग जायला पुन्हा सहा आणि बारा मिनिटं.

"घड्याळ बिघडलंय," सर म्हणाले.

मग त्याच पोरीने आयोडीन साधंच ठेवून अॅसिटोन दुप्पट घेतलं. त्याच घड्याळात तीन मिनिटांत रंग गेला.

आता मला राहवेना. "सर, मी सावद्याला केळीच्या बागेत राबलोय. घड कापणारा एकच असला, तर वाहणारे चाराचे आठ केले तरी घड भराभर पडत नाहीत, उलट प्रत्येकाला घड मिळून रांग संपायला दुप्पट वेळ. तुमचं आयोडीन वाहणाऱ्यातलं. कापणारा कोण, ते बघा."

मुलं हसली. सरांनी कपाटातलं जाड पुस्तक काढलं, त्यावरची धूळ मात्र मी पुसली नाही. आत लिहिलं होतं, की आधी अॅसिडच्या मदतीने अॅसिटोन सावकाश रूप बदलतं, मग आयोडीन त्याच्यावर झडप घालतं.

"मला ठाऊकच होतं," सर म्हणाले. "मुलांनी शोधावं म्हणून मुद्दाम चुकीचं लिहिलं. तो मेमो राहू द्या, नाना."

राहू द्या म्हणजे काय? फाईलमध्ये मी घाणेरडाच राहणार की!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेमोच्या मागच्या बाजूला माझ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फ्लास्क स्वच्छ होता', आणि लॅबच्या बंद दारात, किल्ली खिशात ठेवून, उभा राहिलो. सर आले, मागे सगळा वर्ग. मी कागद आणि पेन पुढे केलं. सरांनी सही केली, तेव्हाच मी कुलूप उघडलं.